सर्व काही भरलेले आहे

वस्तूची किंमत पुरी दिली म्हणजे त्या वस्तूविषयीचे आपले देणे संपते काय? हा प्रश्न प्रथमदर्शनी अगदी सोपा दिसतो. वाण्याच्या वहीत आपल्या नावापुढे रेघ ओढली, की आपण मोकळे झालो असे आपण समजतो. आणि व्यवहारापुरते ते खरेही आहे. परंतु जो मनुष्य आपल्या जीविताचा हिशेब नीट ठेवू इच्छितो, त्याला केव्हा ना केव्हा असे आढळून येते की, वाण्याच्या वहीमागे दुसरीही एक वही आहे, आणि पहिलीत जे ‘चुकते’ म्हणून लिहिले गेले ते दुसरीत कित्येकदा बाकीच राहिलेले असते. हा विचार आम्हांस आमच्या गावी, आमच्या नित्याच्या कामात सुचावयास पाहिजे होता. पण तो सुचला एका दूरच्या बेटावर, आणि तोही अशा जागी की, जेथे कोणाला कसलाही हिशेब आठवू नये म्हणूनच सारी व्यवस्था केलेली असते. ती हकिगत व तिजवरून आमच्या मनात आलेले विचार आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

मॉरिशस नावाचे बेट हिंदी महासागरात, मुंबईपासून साडेचार हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावर आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील दोन मोठ्या तालुक्यांएवढे. हे सगळे बेट ज्वालामुखीपासून झालेले आहे. समुद्राच्या तळातून तप्त रस वर आला, थिजला, त्यावर पुन्हा नवा रस पसरला, आणि अशा रीतीने सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी या भूमीने पाण्याबाहेर डोके काढले. बेटाच्या मधोमध कुरपीप नावाच्या गावाजवळ एका जुन्या ज्वालामुखीचे मुख आजही पाहावयास मिळते. त्याच्या उतारावर आता झाडी वाढली आहे व तळाशी थोडे पाणी साचलेले आहे. यात आमच्या वाचकांस विशेष वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. भूगर्भशास्त्रज्ञ असे मानतात की, पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त जागेने सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा काळा पाषाण ओतला, त्याच जागेने पुढे, भूमीची कवचे हळूहळू सरकत गेल्यावर, मॉरिशसचे बेट घडविले; आणि आज तीच जागा शेजारच्या रियुनियन बेटावरील जिवंत ज्वालामुखीला अग्नी पुरवीत आहे. म्हणजे आपल्या सह्याद्रीचा कडा आणि त्या बेटाचा डोंगर ही एका चुलीवरची दोन भांडी होत.

या बेटावर आम्ही चार रात्री राहिलो. आमच्यासारख्याच्या मिळकतीत अशी गोष्ट बसत नाही. परंतु आमचा एक पुतण्या मुंबईस चांगल्या नोकरीवर आहे. त्याने आपल्या कुटुंबाबरोबर आम्हांसही आग्रहाने नेले. उतरण्याची जागा बेटाच्या नैर्ऋत्य टोकाकडे, अगदी समुद्रकाठी होती. मागे ल मॉर्न नावाचा, ५५६ मीटर उंचीचा, भिंतीसारखा उभा काळा डोंगर. पुढे पांढरी वाळू, आणि तिच्यापलीकडे प्रवाळाच्या कड्याने अडविलेले शांत, हिरवेनिळे पाणी. अशा ठिकाणी हल्ली जी पद्धत पडली आहे तिला ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ म्हणतात. निघण्यापूर्वीच एकदा सगळे पैसे भरावयाचे. मग राहणे, तीन वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, पेये, होडीची फेरी, सारे त्यातच आले. दारात पाऊल ठेवताच आमच्या मनगटावर एक रंगीत पट्टी बांधण्यात आली. ती दाखविली की कोणीही काही विचारीत नसे. आम्ही पहिल्याच दिवशी एका फळाच्या ताटाची किंमत विचारली, तेव्हा पुतण्या हसून म्हणाला, “काका, इथे विचारायचे नाही. सर्व काही भरलेले आहे.”

हे वाक्य त्याने प्रेमाने उच्चारले. काकांनी चार दिवस तरी पैपैचा विचार करू नये एवढाच त्याचा हेतू होता, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहो. पण त्या वाक्याने आमच्यावर जो परिणाम केला तो लपवून ठेविला तर हा लेख लिहिण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या दिवशी आम्ही भुकेपुरते वाढून घेतले. दुसऱ्या दिवशी, चव तरी पाहावी म्हणून, पाच पदार्थ घेतले व तीन टाकले. तिसऱ्या दिवशी ताट टाकताना आम्हांस लाजही वाटली नाही. घरी आमच्या पानात भाकरीचा तुकडा राहिलेला आमच्या आईने कधी खपवून घेतला नसता. आणि आम्हीही आजवर कित्येक मुलांस त्याच गोष्टीवरून बोललो आहो. त्याच तिसऱ्या दिवशी रात्री अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की, आल्यापासून एकाही जेवणापूर्वी आम्ही उपकारस्तुती केलेली नव्हती. कोणी मना केले होते असे नाही. त्या ठिकाणी जेवणाला आरंभच नव्हता. अन्न सकाळपासून रात्रीपर्यंत मांडलेलेच असे, आणि जे नेहमी मांडलेले असते त्याबद्दल थांबून आभार मानावेत असे मनास सुचत नाही. दुष्काळात ज्या सवयीने आम्हांस सोडले नाही, ती सुबत्तेत तीन दिवसांत सुटली.

या बेटावर पूर्वी डोडो नावाचा एक पक्षी होता. त्याचे पूर्वज उडत आलेले. परंतु बेटावर त्यास खाणारे श्वापद नव्हते, व चारा भूमीवरच मिळत असे. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या. शरीर जड होत गेले, पंख लहान होत गेले, आणि शेवटी त्यास उडताच येईना. १५९८ साली डच लोक बेटावर उतरले. त्यांच्याबरोबर व त्यांच्यामागून डुकरे, माकडे, उंदीर हेही आले. शंभर वर्षे पुरी होण्यापूर्वीच डोडो या पृथ्वीवरून नाहीसा झाला. पक्ष्याचा यात काही अपराध नव्हता. जसे त्यास मिळत गेले तसा तो होत गेला. परंतु मनुष्याची गोष्ट वेगळी आहे. आपले पंख कोणते व ते केव्हा लहान होऊ लागले हे त्यास कळू शकते. मागणे, नाकारणे, आभार मानणे, पुरे म्हणणे, हे मनुष्याच्या मनाचे पंख होत. आणि जेथे सर्व काही भरलेले असते तेथे या चोहोंपैकी एकाचीही गरज पडत नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आम्ही पाण्याच्या अगदी जवळ खुर्ची टाकून बसलो होतो. हॉटेलातील एक वयस्क माणूस, हातात दाताळे घेऊन वाळूवर आलेले शेवाळ ओढीत होता. तो आमच्यापाशी येऊन त्यांच्या क्रिओल भाषेत काही बोलला. ते आम्हांस समजले नाही. आम्हांस वाटले, आम्ही खरोखर येथले पाहुणे आहो की बाहेरून येऊन बसलो, हे तो पाहतो आहे. आम्ही एक शब्दही न बोलता, त्याच्या तोंडाकडेही न पाहता, मनगट वर करून पट्टी दाखविली. तो क्षणभर थांबला, मग वाकला, आणि खुर्चीमागे वाळूवर ठेविलेल्या आमच्या वहाणा व पुस्तक उचलून चार पावले वर कोरड्या जागी ठेवून निघून गेला. थोड्याच वेळात भरतीचे पाणी खुर्चीखालून गेले. तो आम्हांस एवढेच सांगावयास आला होता.

ज्या माणसाने आमची वस्तू राखली त्याला आम्ही पावती दाखविली! आयुष्यात आम्ही किती उपदेश केले याची गणती नाही. परंतु आमच्या उपदेशाची खरी किंमत त्या एका हालचालीत उघडी पडली. आणि हेही सांगितले पाहिजे की, हात वर करताना आमच्या मनात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. असते तर आम्ही सावध झालो असतो. मनात फक्त एक निश्चिंती होती: पैसे भरलेले आहेत, तेव्हा या माणसाला आमच्याकडून आणखी काही येणे नाही.

चौथ्या दिवशी पहाटे आम्ही मुद्दाम वाळूवर गेलो. पुतण्याची लहान मुलगी बरोबर होती; तिच्याशी आम्ही बोलत असता मागून शब्द आला, “नमस्कार.” तोच माणूस होता. आमची भाषा कानी पडताच त्याने ती ओळखली. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून आलेले. घरात आता क्रिओलच बोलतात. पण त्याची आजी मराठी बोलत असे, व त्याची नात शाळेत मराठी शिकते, असे त्याने तुटक मराठीत, काही हिंदीत सांगितले. आम्ही आदल्या प्रसंगाबद्दल क्षमा मागितली. त्यास प्रथम आम्ही कशाविषयी बोलतो हेच कळेना. कळल्यावर तो हसला, जणू असे दिवसातून कितीदा तरी घडते. आम्हांस रागावण्यापेक्षा ते हसणे अधिक लागले. मग त्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला: “तिकडे कोकणात दगड असेच काळे असतात काय?” आम्ही म्हणालो, “होय, अगदी असेच.” तो बराच वेळ डोंगराकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, “मग आमच्या माणसांना ओळखीचे वाटले असेल.”

हे दगड त्याच्या बोलण्यात का आले, हे विमानतळाकडून येताना ज्याने बाहेर पाहिले असेल त्यास कळेल. उसाच्या हिरव्या शेतांत ठिकठिकाणी काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी उभ्या आहेत. काही तर लहान टेकडीएवढ्या. ज्वालामुखीची भूमी सुपीक खरी, पण ती दगडांनी भरलेली असते. ऊस लावण्यापूर्वी ते दगड मजुरांनी हातांनी वेचले, डोक्यावरून वाहिले, आणि शेताच्या मध्ये रचून ठेविले. त्या राशींकडे पाहून गाडीतील पाहुणे हे कोणते देवालय म्हणून विचारतात.

या मजुरांची हकिगत आपल्या लोकांस माहीत असावी. त्यांच्याआधी ही भूमी आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या गुलामांनी कसली. त्यांपैकी कित्येक पळून ल मॉर्नच्या कपारींत लपून राहत. परंपरा अशी सांगते की, गुलामगिरी बंद झाल्याचे कळविण्यासाठी शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा आपणांस धरावयास आले असे समजून काही जणांनी कड्यावरून उड्या टाकल्या. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्या वेळी इंग्रज सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाखांहून अधिक पौंड दिले. कोणास दिले? गुलामांच्या मालकांस. जे राबले त्यांस काही मिळाले नाही. उलट १८३९ पर्यंत ‘उमेदवारी’ या नावाखाली जुन्याच मालकाकडे राबावे लागले. वाचकांनी येथे थोडे थांबावे. या व्यवहारात सरकारने किंमत पुरी दिली, वही बंद झाली, आणि ज्याचे देणे होते तो रित्या हातांनी उभा राहिला. किंमत चुकणे आणि ऋण फिटणे या दोन गोष्टी किती भिन्न असू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

गुलामांच्या जागी मग आपल्या देशातून मजूर नेण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढे मद्रास व मुंबई येथूनही जहाजे गेली, आणि जवळजवळ पाच लाख माणसे त्या घाटावर आली. काही तेथून दुसऱ्या मुलखांत पाठविली गेली, पुष्कळ तेथेच राहिली. त्या जागेस आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात, आणि २००६ साली युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. परत निघण्याच्या दिवशी पुतण्याने आम्हांस तेथे नेले. जहाजातून उतरणाऱ्यांस ज्या १६ पायऱ्या चढाव्या लागत, त्या आम्ही पाहिल्या. त्याही काळ्याच दगडाच्या आहेत.

त्या ठिकाणी आम्हांस जे आठवले ते असे. मजुरांचा करार पाच वर्षांचा असे. पुरुषास महिन्याला साधारणपणे पाच रुपये मजुरी. आणि करारात आणखी काय असे? जहाजाचे भाडे, राहावयास खोपटे, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, अंगावरचे कापड, आजाऱ्यास औषध. म्हणजे त्यांच्यासाठीही सर्व काही समाविष्टच होते! आमच्या चार रात्रींचा करार आणि त्यांच्या पाच वर्षांचा करार, यांतील शब्द जवळजवळ एकच. फरक एवढाच की, आमच्या करारात एक दिवस आळसात घालविला तर कोणी बोलत नसे. त्यांच्या करारात एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापीत. आम्हांस एक पट्टी होती व तिने सर्व दारे उघडत. त्यांना एक क्रमांक होता. आणि १८६७ च्या कायद्याने, ज्यांची कराराची मुदत संपलेली त्यांनाही आपली छबी लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसले तर रस्त्यावर धरून कोठडीत टाकीत. १८७१ साली या जाचाविरुद्ध ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला. तो लिहिण्यास आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याने साहाय्य केले. त्यामुळे त्याचेच जातभाई त्याच्यावर उलटले. त्या अर्जानंतर चौकशीसाठी विलायतेहून आयोग नेमला गेला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, हे सर्व जुने झाले; आज त्या हॉटेलातील नोकरास वेतन मिळते, तो स्वतंत्र देशाचा नागरिक आहे, आणि १२ मार्च १९६८ पासून त्याचे राज्य त्याचे आहे. हा आक्षेप खरा आहे. दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो पहिल्यापेक्षा बळकट आहे. पाहुण्यांनी असल्या जागी जाऊच नये असे म्हणावे, तर त्या बेटावरील हजारो घरांची चूल कशावर पेटावी? २०१९ साली सुमारे १३ लाख ८० हजार प्रवासी तेथे आले. बेटाची लोकसंख्याही तितकी नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे बेटाची दारे बंद झाली, आणि ती पुरती उघडण्यास २०२१ चा उत्तरार्ध उजाडला. त्या काळात रिकामी वाळू फार सुंदर दिसली असेल. पण रिकाम्या वाळूवर कोणाचे पोट भरत नाही. म्हणून आम्ही असे म्हणत नाही की, विसावा घेणे पाप आहे, अथवा सुंदर जागी जाणे पाप आहे. श्रमणाऱ्यास विसावा हवाच. पुतण्याने आपल्या घामाचा पैसा खर्चून आम्हांस समुद्र दाखविला, ही त्याची माया होय. तीत दोष काढणे कृतघ्नपणाचे होईल.

दोष आहे तो ‘सर्व काही’ या दोन शब्दांत. आम्ही भरलेल्या पैशात काय काय होते ते पाहू. खोली होती, अन्न होते, नोकराच्या वेळेचा मोबदला होता. पण ज्या पांढऱ्या वाळूवर आम्ही बसलो ती काळ्या दगडाच्या बेटावर कोठून आली? प्रवाळाच्या सूक्ष्म जीवांनी युगानुयुगे बांधलेल्या कड्याचा तो चुरा आहे. त्या जीवांस कोणी पैसे दिले? त्या माणसाने आमच्या वहाणा उचलल्या, ते त्याच्या वेतनात होते काय? शेवाळ ओढण्याचे त्यास वेतन मिळते; अपमान गिळून उपकार करण्याचे वेतन कोणत्याही करारात लिहिलेले नसते.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ नावाचे एक मोठे जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले, व ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. त्या वेळी बेटाची दारे परदेशी पाहुण्यांस बंद होती. गावोगावचे लोक धावून आले. त्यांनी उसाचा पाला पोत्यांत व कापडांत भरून लांबच लांब बांध केले, व तेल अडविण्यासाठी ते पाण्यावर तरंगत ठेविले. ज्या पिकाने त्यांच्या पूर्वजांचे रक्त आटविले त्याच पिकाच्या पाल्याने त्यांनी तो समुद्र राखला. पुढे येणाऱ्या पाहुण्याच्या पावतीत या श्रमांची रक्कम कोणत्या ओळीत लिहावी?

त्या देशाच्या कायद्यातही या विचाराची एक खूण आम्हांस दिसली. फ्रेंच राजवटीपासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे किनाऱ्यालगतची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी राज्याची असते; हॉटेलांस ती भाडेपट्ट्याने मिळते. आणि भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवरची वाळू सर्वांची आहे. म्हणजे ज्या जागी आम्ही मनगट वर केले त्या जागी आमची पट्टी काहीच नव्हती. त्या ओल्या वाळूवर आम्ही जितके पाहुणे तितकाच कोणीही कोळी, कोणीही मूल हक्कदार होते. आम्ही जी पावती दाखविली ती तेथे चालतच नव्हती!

तात्पर्य, किंमत ही वस्तूची असते, ऋण माणसाचे असते. किंमत देऊन सौदा संपतो; माणसाशी असलेला संबंध संपत नाही. पैसा हे दोघांमधील पहिले पाऊल आहे, तेच शेवटचे समजणे ही चूक आहे. ज्यास मजुरी दिली त्यास आदर द्यावयाचा राहतो. ज्यास आदर दिला त्याचे नाव, त्याची भाषा, त्याचे दुःख जाणून घ्यावयाचे राहते. आणि जे मेले त्यांचे स्मरण तरी ठेवावयाचे राहते. हे देणे कधीच पुरे होत नाही, म्हणून ते द्यावयाचेच नाही असे म्हणता येत नाही. बापाचे ऋण फिटत नाही म्हणून कोणी बापाकडे पाठ फिरवितो काय?

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांस असल्या बेटावर जाण्याचा योग येणार नाही. पण ती मनगटाची पट्टी आपल्याही हातावर अदृश्य रूपाने असते. सकाळच्या चहात आपण साखर घालतो, तिचे पैसे दुकानात दिलेले असतात. तो ऊस कोणी तोडला? बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून, नवरा-बायकोचा ‘कोयता’ उचल घेऊन पश्चिमेकडील कारखान्यांवर जातो. थंडीत पालात राहतो. आजारपणात एक दिवस गेला तर मुकादम खाडा लावतो. आप्रवासी घाटावर ऐकलेला तो मजुरीकपातीचा नियम आम्हांस म्हणूनच परका वाटला नाही. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबे स्वतःच कोयता घेऊन जाणारी आहेत. त्यांस हे आम्ही काय सांगावे? परंतु त्यांसही सांगणे आहे, व आम्हांसही: आपल्याहून खाली जो आहे त्यापुढे आपण मनगट वर करतो काय, हे प्रत्येकाने पाहावे. लग्नघरी आहेर दिला म्हणून वाढप्यावर ओरडणारा, भांडी घासणाऱ्या बाईचा पगार दिला म्हणून तिचे नाव विसरणारा, शाळेची फी भरली म्हणून मास्तरांस नमस्कार न करणारा, हे सर्व आमचेच भाऊ आहेत.

पाचव्या दिवशी दुपारी, निघण्यापूर्वी, आम्ही शेवटचे जेवण घेतले. ताटात भात, वरण व थोडी भाजी एवढेच घेतले, आणि बसल्यावर डोळे मिटून थांबलो. पुतण्याच्या मुलीने विचारले, “आजोबा, सगळे भरलेले आहे ना? मग आभार कशाला?” आम्ही तिला म्हणालो, “बाळ, भरले ते बाबांनी. पण उगवले कोणी, तोडले कोणी, शिजवले कोणी, वाढले कोणी?” ती बोटांवर मोजू लागली. एका हाताची बोटे संपली, दुसऱ्या हाताची संपली, आणि तिने आमचा हात ओढून घेऊन आमच्या बोटांवर पुढे मोजावयास आरंभ केला. मनगटावरची ती पट्टी मध्ये येत होती. आम्ही ती काढून ठेविली.